एकशे सदतीस ग्रॅम

— नाही नाही, तो पिशवीत टाका परत, मला दाखवू नका. शिसारी येते. अहो, गिटारच्या तारांवर फिरवायचा स्टीलचा बार आहे हा, सायकलचं हँडल नाही, याच्यावर रबर चढवतं का कोणी? हे बघा, नखाने जरासं खरवडलं तर काय निघालं — काळं, चिकट. हा तुमच्या हाताचा घाम आणि तारांचा गंज, सहा महिन्यांचा, आत साचून बसलेला. आणि वर छापलंय काय, तर आरामदायी पकड. मी चाळीस वर्षं रेल्वेच्या इंजिन कारखान्यात टर्नर होतो, टूलरूममध्ये, केसाच्या जाडीपेक्षा कमी मापावर काम केलं, तिथे कोणी आराम हा शब्द काढला असता तर फोरमनने त्याला दारातूनच परत पाठवला असता. बसा तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्याला तेल लागलंय, साडी खराब होईल — खुर्चीवर बसा. नंदा संकठादेवीच्या देवळात गेलीय, येईल अर्ध्या तासात, ती आली की चहा होईल.

हा दुसरा द्या इकडे. हं. हा ठीक आहे. भरीव, बावीस मिलिमीटर, नाक नीट गोल केलेलं. दोनशे चाळीस ग्रॅम असणार, काट्यावर ठेवायचीसुद्धा गरज नाही, हातालाच कळतं. मग याला काय झालं? — हो, ऐकलं मी, बहिरा नाही. नंदाकाकूंच्या बारसारखा करून हवाय. ओजसने पाठवलं ना तुम्हाला? वाटलंच. नंदाचा विद्यार्थी तो. त्याने मोबाइलवर तो व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून गंगेवरून, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून लोक येतात, धापा टाकत, आणि सगळ्यांचं मागणं एकच — मागून पोकळ करा, अंगठा टेकायला वाटी करा, बोटांना खाचा करा, पिसासारखा हलका करा. त्याला नावसुद्धा दिलंय, नंदा-बार. मला विचारलं कोणी? तिला विचारलं? नाही म्हणतो मी. आता सगळ्यांना नाहीच म्हणतो. तुम्ही मैत्रेयीबाई, सांगलीच्या, बँकेत बदली होऊन इकडे हिंदी मुलखात आलात, घराबाहेर मराठी ऐकायला मिळालं, बरं वाटलं — पण हे काम नाही होणार.

का म्हणजे? करता येत नाही म्हणून नव्हे. ते बघा, तो लेथ, लोखंड कातायचं यंत्र — कारखान्यातून भंगारात काढला तेव्हा मी उचलला, सहा माणसं लागली या जिन्याने वर चढवायला, मधल्या वळणावर अडकला तर शेजारच्या यज्ञेश्वरशास्त्र्यांनी पूजा अर्धी सोडून हात लावला होता. त्या लेथवर मी तुमचा बार तासाभरात पोकळ करून देईन. पण कशाला? बारला वजन असतं ते उगाच नसतं. वजन असलं की बार स्वतःच तारेवर बसतो, तुम्हाला दाबायला लागत नाही, सूर लांब जातो, मींड खेचताना आवाज तुटत नाही. हलका केला की तुम्ही दाबायला लागता. दाबायला लागलात की मनगट आलं, अंगठा आला, सगळा भार तिथे. म्हणजे हलका करून मिळवलं काय? हे कोणी सांगत नाही तुम्हाला, कारण हे सांगितलं तर विकायचं काय. आणि ऐकायलाही कोणाला नको असतं. सगळ्यांना आयतं पाहिजे — हात दुखतोय, तर वस्तू बदला. हाताकडे कोण बघतो.

...मीही नाही बघितलं. जाऊ द्या.

नाही, सांगतो, तुम्ही एवढ्या वर आलात. आणि तुम्ही उठणार तर नाहीच, दिसतंय मला, चिवट आहात. ऐका तर. नंदा लग्न होऊन आली तेव्हाच गिटार वाजवत होती, मांडीवर आडवी ठेवून, आपल्या रागदारीची. तिचा बार तिच्या वडिलांनी दिलेला, असाच, भरीव, दोनशे चाळीसचा. तीस वर्षं तोच वाजवला. एका हाताने मुलीला थोपटायची आणि दुसऱ्या हाताने नुसता बार तारांवर फिरवायची, आवाज न करता. आणि मी रिटायर झालो त्याच्या पुढच्या वर्षी एकदा म्हणाली, अहो, हा बार हल्ली जड वाटायला लागलाय. हल्ली. आता तुम्ही सांगा, स्टीलचं वजन हल्ली वाढतं का? वय झालं म्हणून लोखंड जाड होतं का? हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? चाळीस वर्षं मापं घेतलेला माणूस मी. नाही पडला. मला काय झालं, सांगू? आनंद झाला. रिकामा बसलो होतो ना. लेथवर धूळ बसत होती. बायकोने काम दिलं, हवं तसं काम दिलं, मी त्याच दुपारी बार चकमध्ये धरला.

मागून बारा मिलिमीटरचं भोक पाडलं, तोंड पितळेच्या बुचाने बंद केलं, ठठेरी बाजारातल्या सोनाराच्या काट्यावर वजन केलं — एकशे शहाऐंशी. तिने वाजवून बघितलं, म्हणाली, वा, छान. दोन महिने छान. मग परत जड. परत पोकळ केला, एकशे पासष्ट. मग म्हणाली बार हातात फिरतो, कळत नाही कसा धरलाय ते. कळत नाही म्हणाली ती, नेमका हाच शब्द, आणि मी काय केलं, तर दोन्ही बाजूंना खाचा काढल्या बोटांसाठी. अंगठा घसरतो म्हणाली — त्या पितळेच्या बुचात वाटी कोरली, अंगठा आत बसेल अशी, आणि ती वाटी मी, मैत्रेयीबाई, तीन दिवस पॉलिश केली. कशाला, तर तिच्या अंगठ्याला काही टोचू नये म्हणून. मग अजून पोकळ केला. एकशे सदतीस ग्रॅम. त्याच्यापुढे जागाच नव्हती, भिंत इतकी पातळ झाली की अजून एक पापुद्रा काढला असता तर फाटली असती. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं साफ काम मी केलं नव्हतं. इंजिनांत घातलेले माझे पार्ट कोणी बघितले? कोणी नाही. हा बार सगळे हातात घेऊन बघत होते. ओजस काय, घाटावरचे वादक काय, तोंडात बोटं घालत होते. बरं वाटत होतं मला. फार बरं वाटत होतं.

ते काय केलंत तुम्ही आत्ता?

नाही, आत्ता — हात. डावा हात का झटकलात? असंच? असंच कोणी झटकत नाही. मघाशी पिशवी ठेवतानाही झटकलात, मला वाटलं धूळ लागली. मुंग्या येतात? कुठल्या बोटांना? मोजून सांगा. अंगठा, हे शेजारचं, मधलं. करंगळीला? करंगळीला नाही. बघा, नाही ना. सकाळी उठल्यावर जास्त असतं आणि हात खाली सोडून झटकला की जरा बरं वाटतं. बरोबर? बँकेत दिवसभर कीबोर्डवर, घरी आलं की तीन तास रियाज. आणि बार जड वाटायला लागलाय. हल्ली.

अरे देवा.

नंदा असंच झटकायची. सकाळी मोरीवर तोंड धुऊन यायची आणि हात झटकत उभी राहायची खिडकीत. आणि मी, मी तिला चिडवायचो, पंचा आणून देऊ का म्हणून. पाणी झटकतेस की काय, असं. ती हसायची. तिला दुखत नव्हतं ना फारसं, दुखलं असतं तर बोलली असती. ते दुखणं असंच असतं, चोरासारखं, आधी मुंग्या, मग बधिर, मग काहीच नाही. मनगटात एक नस असते, ती चेपली जाते, आणि अंगठ्याच्या खालचा हा उंचवटा — हा, तळव्यावरचा, हात द्या तुमचा, नको, तुम्हीच दाबून बघा — हा हळूहळू सुकत जातो. आणि हे कशाने कळतं? वस्तू हातातून पडायला लागतात त्याने कळतं. पकडता येत नाही त्याने कळतं. पण मी पकडता येईल अशी सोय करून ठेवली होती. तिचा हात जितका गेला तितका मी बार सोपा केला. खाच, वाटी, वजन. हात सुकत होता आणि मी त्याच्या मागोमाग ग्रॅम काढत होतो. माझं काम वाईट असतं तर बरं झालं असतं, चार महिन्यांत तिने बार खाली ठेवला असता आणि डॉक्टरकडे गेली असती.

कळलं नाही म्हणून झालं, असं वाटतंय तुम्हाला. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. काका, तुम्हाला काय माहीत, असंच म्हणणार तुम्ही. सगळे असंच म्हणतात. नंदाही तेच म्हणते.

कळलं होतं मला.

म्हणजे — थांबा. कार्तिकात संकठादेवीच्या अंगणात तिचा कार्यक्रम होता. सकाळचा. मी कोलकात्याच्या एका गिटारवाल्याला बोलावलं होतं, मुद्दाम, तिचं वादन ऐकायला नव्हे, माझा बार बघायला. पहिल्या रांगेत बसवलं त्याला, माझ्या शेजारी. नंदाने आलाप सुरू केला आणि बार पडला. हातातून सुटून तारांवर. माइक समोर होता, भांडं आपटल्यासारखा आवाज झाला. तिने उचलला, परत सुरू केलं, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ती हसली, लोकांकडे बघून, आणि पदराला हात पुसला, जसा काही घामाचा दोष. आणि त्या क्षणी तुमच्यासमोर बसलेल्या या माणसाच्या डोक्यात काय आलं, सांगू? नाक जड राहिलंय, पुढून तीन ग्रॅम काढायला हवेत. बायको साठ माणसांसमोर पडलेली वस्तू उचलतेय आणि मी मनात बारचा तोल काढतोय. घाण वाटते मला माझी. आंघोळ करून जात नाही ती.

आणि श्रीनिवास डॉक्टर होते तिथे, मागे उभे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना आहे त्यांचा. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेतलं. म्हणाले, वासुदेवराव, त्या बारचा काही दोष नाही, वहिनींचा हात मला ठीक वाटत नाहीये, या आठवड्यात घेऊन या. तिला नाही बोलले, मला बोलले. घरच्या माणसाला सांगितलं की झालं, असं वाटलं असणार त्यांना. आणि तो कोलकातावाला चार पावलांवर उभा होता, बार हातात उलटासुलटा करत. मी डॉक्टरांना म्हटलं, हो हो, आणतो. आणि वर काय म्हटलं, तर जरा हळू बोला.

नाही आणलं. का नाही आणलं? कारण हात खराब निघाला असता तर बार कशासाठी होता? माझा दोन वर्षांचा उद्योग कशासाठी होता? त्या माणसाने वाहवा करून तो बार बघितला होता हो. मला ते सोडवेना. डॉक्टरांनी पुढे दोनदा विचारलं गल्लीत, मी म्हटलं दाखवलं, मोठ्या दवाखान्यात दाखवलं, औषध चालू आहे. खोटं. आणि घरी येऊन मी काय केलं — ऐका, हे कोणाला सांगितलं नाही — बारला कडी बसवली. पितळेची छोटी कडी, त्यात चामड्याची पट्टी, ती तिच्या मधल्या बोटाभोवती. म्हणजे बार पडणारच नाही. हाताला कळो न कळो, बार जागेवर. सात महिने वाजवलं तिने तसं, बांधलेल्या हाताने. आणि माझं कौतुक करायची, की किती करता तुम्ही माझ्यासाठी.

शेवटी पकडलं कोणी, तर चूडीवालीने. डॉक्टरने नाही, मी नाही. दर उन्हाळ्यात येते ती दारावर, जुनी आहे, नंदाच्या हातात पहिला चुडा तिनेच भरला होता. तुम्हाला माहीतच आहे, बांगडी भरताना त्या अंगठ्याच्या मुळाशी दाबून दाबून हात बारीक करतात, तुम्ही बायका आई गं करता. उजव्या हातात तसंच भरल्या. डावा हात धरला आणि बांगडी सरळ आत गेली. न दाबता. सहाच्या सहा. तिने नंदाचा हात उताणा केला, आपल्या अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, बहूजी, इस हाथ का मांस कहाँ गया? मी इथेच होतो, लेथपाशी. मी बघितलं तेव्हा. दोन वर्षं त्या हाताच्या मापाने स्टील कापत होतो आणि तो हात मी तेव्हा बघितला. उंचवटा नव्हताच. खड्डा होता.

ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या. पण सर्जन म्हणाले, वर्षभर आधी आणलं असतं तर वीस मिनिटांचं काम होतं, आता गेलेलं मांस परत येणार नाही. गिटार तिने शेजारच्या प्रेमलाच्या मुलीला देऊन टाकली, कोपऱ्यात नको म्हणाली, दिसते. आता चपाती लाटताना लाटणं उजव्या हाताने ढकलते आणि डावा नुसता वर ठेवते, शोभेला. आणि म्हणते काय माहीत आहे? म्हणते, माझंच चुकलं, मीच अंगावर काढलं, तुम्ही बिचारे माझ्यासाठी एवढं करत होतात. माझ्या तोंडावर म्हणते. आठवड्यातून एकदा तरी. आणि मी ताटात बघून जेवतो. कार्तिकात डॉक्टर माझ्याशी काय बोलले ते तिला माहीत नाही. डॉक्टरांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते का सोडलं तेही तिला माहीत नाही, तिला वाटतं भाड्याच्या जागेवरून काहीतरी बिनसलं.

आणि बार बंद केले म्हणालो ना तुम्हाला? लगेच नाही बंद केले. ऑपरेशननंतरही तीन करून दिले. हो, तीन. लोक म्हणायचे काय आराम आहे, काय पकड आहे, आणि मी ऐकत बसायचो, आणि ती आत अंथरुणावर, हाताला पट्टी. त्या तिघांचे हात बघितले का मी? नाही बघितले. आता कोण कुठे आहेत तेही ठाऊक नाही.

तेव्हा हा तुमचा बार मी करणार नाही. आणि परतही देणार नाही. हसू नका, खरंच देणार नाही, हा राहील माझ्या पेटीत, दोनशे चाळीसचा दोनशे चाळीस. तो रबराचाही इकडे द्या, नाहीतर आज घरी जाऊन तोच घ्याल. खाली उतरा, उजवीकडे वळा, गल्लीच्या तोंडाशी हिरवं दार आहे, श्रीनिवास डॉक्टरांचं. अकरापर्यंत बसतात. उद्या नको, बँकेची सुट्टी बघून नको, आत्ता. त्यांना म्हणा वासुदेवने पाठवलं. विश्वास नाही बसणार त्यांचा, पण बघतील, माणूस चांगला आहे. आणि त्यांनी चिठ्ठी दिली की ती घरी कोणाच्या हातात देऊ नका — नवऱ्याच्या नको, भावाच्या नको. स्वतः घेऊन जा. ऐकताय ना? तुमचा हात आहे, तुम्हाला कळलं पाहिजे.

मी हे सगळं तुम्हाला का सांगितलं? मलाही तेच कळत नाहीये. ज्या बाईला सांगायला हवं तिच्यासमोर दोन वर्षं तोंड उघडत नाही आणि सांगलीच्या कोणा मैत्रेयीबाईंना पाऊण तासात सगळं ओकून मोकळा. म्हणजे आता मन हलकं झालं म्हणून आज पोटभर जेवीन, तिच्याच हातचं. याचाही वीट येतो. हेसुद्धा मी माझ्या आरामासाठीच केलं ना?

...दार वाजलं. तीच. नाही, तुम्ही बोलू नका काही, मी बोलतो. — नंदा, या मैत्रेयीबाई, ओजसने पाठवलं होतं, निघाल्याच त्या. नाही, चहा नको त्यांना. नंदा, ऐक, पिशवी खाली ठेव ती. आत नको जाऊस. इथे बस, खुर्चीवर, माझ्यासमोर. कार्तिकात, त्या कार्यक्रमाच्या दिवशी, श्रीनिवास डॉक्टर मला — तुम्ही अजून इथेच? जा म्हटलं ना तुम्हाला. जा.